खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयासाठी सफाई करणाऱ्या प्राण्यांची निवड

(एका कृषि अधिकाऱ्याकडून, सीबीडी बेलापूर)

शोभिवंत मासे पाळणे हा आता केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. शेतीला पूरक असा जोडधंदा म्हणून त्यास मान्यता मिळाली असून, 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनाचा समावेश करण्यात आला आहे. गोड्या पाण्याच्या टाक्यांच्या जोडीला खाऱ्या पाण्याच्या टाक्याही शहरांतील घरांत दिसू लागल्या आहेत. सीबीडी बेलापूर हे नगर पनवेल खाडीच्या काठी वसलेले असल्याने, येथे खाऱ्या पाण्याची टाकी राखणे सोपे असेल अशी अनेकांची समजूत होते. प्रत्यक्षात अडचण येते ती दुसऱ्याच ठिकाणी. टाकी भरून काही आठवडे लोटले की काचेवर व खडकांवर शेवाळ चढते, वाळूवर तपकिरी थर बसतो, आणि मालक दुकानात जाऊन "सफाई करणारे प्राणी" मागतो. दुकानदार गोगलगायी, खेकडे व तारामासे यांची एक पिशवी भरून देतो. टाकी पंधरा दिवस स्वच्छ दिसते. पुढे एकेक प्राणी मरू लागतो, पाणी दूषित होते आणि त्यापाठोपाठ मासेही दगावतात.

ह्या नुकसानीचे मूळ निवडीत आहे. कोणताही समंजस शेतकरी आधी गंजीतील वैरण मोजतो आणि मग जनावर विकत घेतो. टाकीतील शेवाळ हे कुरण असून गोगलगायी ही त्यावर चरणारी जनावरे होत. कुरण किती आणि ते कोणत्या प्रकारचे, हे पाहिल्याविना जनावरे आणली तर ती उपाशी मरणारच. हे एक तत्त्व ध्यानात ठेवल्यास पुढील सर्व माहिती सुलभ होईल.

सफाई म्हणजे नेमके काय

शेवाळ खाणारा प्राणी शेवाळ नाहीसे करीत नाही. तो त्याचे शेणखत करतो. शेवाळाने पाण्यातून शोषून घेतलेले नत्र व स्फुरद प्राण्याच्या विष्ठेवाटे पुन्हा पाण्यात उतरते. सबब, प्राण्यांची संख्या वाढविल्याने पाण्यातील नायट्रेट कमी होत नाही, उलट किंचित वाढते. नत्र टाकीबाहेर काढण्याचे घरगुती मार्ग मोजकेच आहेत : माशांना खाद्य बेताने देणे, पाण्याचा काही भाग नियमाने बदलणे, फेस काढणारे यंत्र चालविणे आणि शेवाळ हाताने खरवडून बाहेर टाकणे. समजा पाण्यात दर लिटरला 40 मिलिग्रॅम नायट्रेट आहे. त्यातील पाचवा हिस्सा पाणी काढून त्या जागी नायट्रेटरहित पाणी घातले तर प्रमाण 32 वर येते. हे काम कोणतीही गोगलगाय करू शकत नाही. तिचा उपयोग हात न पोचणाऱ्या सांदीकोपऱ्यांतील शेवाळ आखूड ठेवण्यास आणि शिल्लक खाद्य कुजण्यापूर्वी संपविण्यास होतो. तो उपयोग मोलाचा आहे, परंतु त्यास मर्यादा आहे.

टाकी तयार झाली आहे काय, हे प्रथम पाहावे

नवीन टाकीत विष्ठा व शिळे खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. सूक्ष्म जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू वाळूत व खडकांत पुरेसे वाढण्यास सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. चाचणी-संचाने तपासले असता अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत कोणताही प्राणी टाकीत सोडू नये.

आरंभी वाळूवर येणारा तपकिरी थर हा डायाटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो. पाण्यातील सिलिका संपत आली की तो बहुधा आपोआप ओसरतो. त्यासाठी घाईने वीस-पंचवीस गोगलगायी आणणे म्हणजे चार दिवसांच्या हिरवळीवर सबंध कळप पोसण्याचा बेत करणे होय. डायाटमनंतर काचेवर हिरवी झाक दिसू लागली की चरणाऱ्या प्राण्यांची पहिली लहान तुकडी आणण्यास हरकत नाही.

खडकावर तांबूस-जांभळा, चिकट, पापुद्र्यासारखा निघणारा थर दिसल्यास तो खाणारा प्राणी शोधीत बसू नये. तो एका प्रकारच्या जीवाणूंचा थर असतो आणि सफाईचे बहुतेक प्राणी त्यास तोंड लावीत नाहीत. खाद्य कमी करणे, थर नळीने ओढून काढणे आणि त्या जागी पाण्याचा प्रवाह वाढविणे, हाच त्यावर उपाय होय.

आपल्या हवामानात दोन गोष्टींकडे विशेष लक्ष पुरवावे. पहिली क्षारता. अपृष्ठवंशी सागरी प्राण्यांच्या शरीरातील क्षार बाहेरच्या पाण्याबरोबर कमीजास्त होतात. माशाप्रमाणे त्यांना ते सावरता येत नाहीत. त्यामुळे क्षारता दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास, स्थिर ठेवावी. पाणी उडते तेव्हा मीठ मागे राहते. 100 लिटर पाण्यात साडेतीन किलो क्षार असतात. त्यातील 5 लिटर पाणी उडाले तर क्षारता दर लिटरला जवळजवळ 37 ग्रॅमपर्यंत चढते. उडालेल्या पाण्याची भर खाऱ्या पाण्याने न करता आर.ओ. यंत्राच्या शुद्ध गोड्या पाण्याने, रोज थोडी थोडी, करावी.

दुसरी गोष्ट उष्णता. टाकीतील पाणी 24 ते 27 अंश सेल्सिअस असावे. एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतील टाकी सहज 30 अंशांच्या वर जाते. पाणी जसे तापते तसा त्यातील प्राणवायू घटतो. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास पाणी थोडे निवते. मात्र कोकणातील दमट हवेत हा उपाय कोरड्या प्रदेशाइतका लागू पडत नाही. टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावी, आणि पावसाळ्यात वीज खंडित होते त्या वेळेसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा.

उपयुक्त प्राणी व त्यांचे काम

सफाई करणाऱ्या प्राण्यांचे तीन वर्ग कल्पिल्यास निवड सोपी होते : शेवाळावर चरणारे, उच्छिष्ट खाणारे आणि वाळू हलविणारे.

चरणाऱ्यांत टर्बो व ट्रोकस ह्या नावांनी विकल्या जाणाऱ्या गोगलगायी प्रमुख होत. टर्बोचा शंख भोवऱ्यासारखा गोल व जड असतो. तो शेवाळ झपाट्याने खातो, पण उलटा पडल्यास त्याला पुष्कळदा सरळ होता येत नाही. अशा वेळी हाताने उठवावे लागते. त्याच्या धक्क्याने सैल ठेवलेले दगडही कोसळतात. बाजारातील टर्बोंच्या काही जाती मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील असून त्यांना उष्ण पाणी मानवत नाही. आपल्या उन्हाळ्यात त्या टिकणे कठीण. ट्रोकसचा शंख देवळाच्या शिखरासारखा निमुळता असतो. तो उलटल्यास बहुधा आपला आपण सरळ होतो. लहान टाकीस हाच अधिक सोयीचा.

नेराइट ही लहान, गोलसर गोगलगाय काचेवरील पातळ हिरवा थर चांगला खाते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहण्याची तिला सवय असल्याने ती पाण्याबाहेर चढते, आणि झाकण नसल्यास सकाळी जमिनीवर वाळलेली सापडते. ती काचेवर पांढरे ठिपके घालते. ती तिची अंडी होत. सेरिथ ह्या लांबट, मळसूत्री शंखाच्या गोगलगायी दिवसा वाळूत दडून रात्री बाहेर पडतात आणि शेवाळ, गाळ, डायाटम असे सर्व काही खातात. एकच जात निवडावयाची झाल्यास आम्ही सेरिथची शिफारस करू.

उच्छिष्ट खाणाऱ्यांत नॅसेरियस गोगलगाय अग्रगण्य होय. ही वाळूत पुरून राहते. केवळ सोंडेसारखी नळी वर दिसते. खाद्याचा वास लागताच ती वाळूतून उसळून वर येते. तिच्या ह्या हालचालीने वाळूही मोकळी होते. परंतु ती मांसाहारी आहे. शेवाळासाठी तिला आणणे म्हणजे गवत कापण्यासाठी मांजर पाळणे होय.

रिकाम्या शंखात राहणारे लहान खेकडे, ज्यांना व्यापारी हर्मिट म्हणतात, शिळे खाद्य व तंतुमय शेवाळ दोन्ही खातात. वाढत्या वयाबरोबर त्यांना मोठे घर लागते. ते न मिळाल्यास ते जिवंत गोगलगायीस मारून तिच्या शंखात शिरतात. प्रत्येक खेकड्यामागे चढत्या मापाचे दोन-तीन रिकामे शंख टाकीत ठेवल्यास ही हत्या कमी होते. पूर्णपणे टळत नाही. रंग दिलेले शोभेचे शंख ह्या कामी वापरू नयेत.

माशांच्या अंगावरील परजीवी टिपणारी सफाई-कोळंबी देखणी असते व शिळे खाद्यही उचलते. येथे एक समाधानाची गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने लक्षद्वीपमधील आगत्ती बेटावर शोभिवंत सागरी कोळंबीच्या बंदिस्त पैदाशीचे काम हाती घेऊन तेथील स्थानिक महिलांना त्याचे प्रशिक्षण दिले आहे. समुद्रातून धरलेल्या प्राण्यापेक्षा टाकीत जन्मलेला प्राणी टाकीत अधिक चांगला रुळतो आणि त्यामुळे समुद्राची लूटही होत नाही. असा माल उपलब्ध असेल तेथे तोच मागावा.

कोणते प्राणी टाळावेत

वाळू चाळणारा तारामासा दुकानात हटकून सुचविला जातो. तो वाळूतील बारीक किडे व शंख खातो, आणि घरगुती टाकीतील वाळू काही महिन्यांत निर्जीव करून टाकतो. त्यानंतर हळूहळू उपासमारीने मरतो. बाहेरून तो धडधाकट दिसत असल्याने मालकास त्याचा पत्ताही लागत नाही. समुद्रससा केसाळ शेवाळ अल्पावधीत फस्त करतो. परंतु ते संपताच त्याची गतही तीच होते, शिवाय त्रास झाल्यास तो जांभळा रस सोडतो. सी-अर्चिन ह्या काटेरी गोळ्यास पुष्कळ कुरण लागते. शंभर-सव्वाशे लिटरच्या टाकीत तो पोसत नाही. सापासारख्या लांब बाहूंच्या ब्रिटल स्टारपैकी हिरवी, मोठी जात रात्री झोपलेले मासे पकडते. ती निक्षून टाळावी.

समुद्रकाकडीचा विचारच करू नये. ती टाकीत मेल्यास तिच्या शरीरातील विष पाण्यात मिसळून सर्व मासे मरू शकतात, हे एक कारण. दुसरे कारण कायद्याचे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या सूचींत 2001 मध्ये सर्व समुद्रकाकड्या, समुद्रघोडे, कठीण प्रवाळ आणि मोठा ट्रोकस व मोठा हिरवा टर्बो यांसह काही शंखजाती समाविष्ट करण्यात आल्या. अशा प्राण्यांना पकडणे, बाळगणे वा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा होय. प्रवाळाचा मृत खडकही सजावटीसाठी आणू नये. त्याऐवजी भाजलेल्या मातीचे सच्छिद्र कृत्रिम खडक वापरावेत. 2022 च्या दुरुस्तीने सूचींची फेरमांडणी झाली आहे. म्हणून खरेदीपूर्वी प्राण्याचे शास्त्रीय नाव विचारून पावतीवर लिहून घ्यावे आणि शंका असल्यास वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. जो व्यापारी नाव सांगण्यास कां-कूं करतो त्याच्याकडून माल घेऊ नये.

खाडीतून वा किनाऱ्यावरून प्राणी आणावेत काय

बेलापूरच्या रहिवाशांस हा मोह होणे स्वाभाविक आहे. दिवाळे गावाच्या धक्क्याच्या बाजूस ओहोटीला गोगलगायी व लहान खेकडे चिखलावर हिंडताना दिसतात. ते फुकट मिळत असता पैसे का मोजावेत, असे वाटते. तथापि ह्यास आमचा स्पष्ट नकार आहे, व त्याची कारणे अशी :

पहिले, खाडीतील चिखलावर जगणाऱ्या गोगलगायींना गाळ, कांदळवनाची सावली आणि भरती-ओहोटीचा पालट लागतो. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर होते व उन्हाळ्यात पुन्हा खारट. ह्या चढउतारात वाढलेला जीव स्थिर क्षारतेच्या, उघड्या काचेच्या टाकीत सुखाने राहील असे मानता येत नाही. दुसरे, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचे व दाट वस्तीचे सांडपाणी शेजारच्या खाड्यांना मिळत आले आहे. तेथील पाणी वा गाळ टाकीत येणे धोक्याचे आहे. टाकीसाठी शुद्ध पाण्यात कृत्रिम समुद्री मीठ विरघळवून केलेले पाणीच वापरावे. तिसरे, खडकाळ किनाऱ्यावरील प्रत्येक शंख शाकाहारी नसतो. कालवे व इतर शंखांच्या कवचास भोक पाडून आतील जीव खाणाऱ्या शिकारी जाती तेथे पुष्कळ असतात. एका टोकाकडे निमुळता होत गेलेला, रुंद बाजूस चपटा आणि लांब, अरुंद फटीसारखे तोंड असलेला शंख तर हातीही धरू नये. त्यातील जीव विषारी दंश करतो व काही जातींचा दंश माणसास प्राणघातक ठरतो. चौथे, कांदळवने संरक्षित आहेत, आणि ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तेथून जीव उचलणे बेकायदेशीर ठरते.

हे जीव पाहण्याची आवड असल्यास ती अन्य मार्गांनी पुरविता येते. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्र बेलापूरहून दूर नाही. मुंबईत 2017 मध्ये सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ह्या नागरिकांच्या उपक्रमाने ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरून, काहीही न उचलता, जीव ओळखण्याची गोडी अनेकांना लावली आहे.

उलट दिशेचा दोषही तितकाच गंभीर आहे. टाकी मोडताना त्यातील जीव, शेवाळ, वाळू किंवा पाणी खाडीत वा पर्जन्यनाल्यात कदापि सोडू नये. 1984 मध्ये मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात कॉलर्पा ह्या मत्स्यालयातील शेवाळाचा एक लहानसा पट्टा आढळला. पुढे ते हजारो हेक्टर समुद्रतळावर पसरले. नको असलेले प्राणी दुसऱ्या मत्स्यपालकास किंवा दुकानदारास परत द्यावेत.

संख्या किती असावी

"दर चार लिटरला एक गोगलगाय" असे ठोकताळे दुकानांत सांगितले जातात. ते विक्रेत्याच्या सोयीचे आहेत. कुरण टाकीच्या लिटरांवर अवलंबून नसून खाद्य, प्रकाश व खडकांचा पृष्ठभाग यांवर अवलंबून असते.

उदाहरणादाखल 90 सेंटिमीटर लांब, 40 रुंद व 40 उंच अशी टाकी घेऊ. तिचे आकारमान 144 लिटर भरते. खडक, वाळू व वरची रिकामी जागा वजा जाता सुमारे 110 लिटर पाणी राहते. ठोकताळ्याप्रमाणे तीत पंचवीसहून अधिक गोगलगायी लागतील. आमची सूचना पुढीलप्रमाणे आहे :

पहिली तुकडी (काचेवर हिरवी झाक आल्यानंतर) : सेरिथ 3, ट्रोकस 2.
दुसरी तुकडी (मासे येऊन खाद्य सुरू झाल्यानंतर) : नॅसेरियस 2.
तिसरी तुकडी (आणखी चार आठवड्यांनी, शेवाळ शिल्लक असेल तरच) : नेराइट 2 किंवा ट्रोकस 1.
ऐच्छिक : लहान हर्मिट 2, सोबत रिकामे शंख 6, सफाई-कोळंबी 1.

हा नियम नव्हे, आरंभ होय. काचेवर थोडे शेवाळ नेहमी शिल्लक राहणे हे चुकीचे लक्षण नसून, जनावरांना चारा पुरतो आहे ह्याची ती खूण आहे. काच पूर्ण लख्ख झाल्यास प्राणी उपाशी आहेत असे समजावे, आणि सुकविलेल्या समुद्रशेवाळाची पट्टी किंवा उकळत्या पाण्यातून काढलेले पालकाचे पान दगडाखाली दाबून द्यावे. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी काढून टाकावा.

खरेदी व टाकीत सोडण्याची रीत

दुकानात गोगलगाय काचेस घट्ट चिकटलेली असावी. तळाशी उताणी पडलेली घेऊ नये. शंखाच्या तोंडावरील झाकणास स्पर्श करताच ती आत ओढली गेली पाहिजे. घरी आणल्यावर पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवावे. नंतर प्राणी पिशवीतील पाण्यासह भांड्यात घेऊन, बारीक नळीने टाकीचे पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब ह्या गतीने त्यात सोडावे. भांड्यातील पाणी दुप्पट झाल्यावर अर्धे काढून टाकावे आणि पुन्हा दुप्पट होऊ द्यावे. ह्यास एक ते दोन तास लागतात. अखेरीस प्राणी हलकेच उचलून खडकावर सरळ ठेवावा. दुकानाचे पाणी टाकीत ओतू नये.

मोरचुदापासून सावध

बागाईतदारांस मोरचूद परिचित आहे; बोर्डो मिश्रणात ते बुरशी मारते. तोच ताम्रक्षार माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरील औषधांत असतो. माशास सोसणारी तांब्याची मात्रा गोगलगाय, खेकडा व कोळंबी यांना मारक ठरते, आणि हे तांबे खडकांत व वाळूत मुरून दीर्घकाळ राहते. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढूनच उपचार करावा. औषधाच्या बाटलीवर तांब्याचा उल्लेख आहे काय हे वाचावे. पितळी तोटीतून आलेले किंवा तांब्याच्या भांड्यात साठविलेले पाणी टाकीसाठी वापरू नये.

देखरेख

आठवड्यातून एकदा, दिवा मालवून तासाभराने, विजेरीच्या प्रकाशात प्राण्यांची शिरगणती करावी. गोठ्यातील जनावर एक दिवस न दिसल्यास आपण शोध घेतो. तीच सवय येथे लावावी. न हलणारा शंख बाहेर काढून वास घ्यावा. मेलेल्या गोगलगायीची दुर्गंधी लपत नाही. एक मृत टर्बो लहान टाकीत अमोनिया वाढविण्यास पुरेसा असतो. एकाच आठवड्यात दोन-तीन प्राणी मेल्यास नवे आणून जागा भरू नये. क्षारता, तापमान, अमोनिया व नायट्रेट तपासून कारण शोधावे.

सारांश

1. आधी खाद्य कमी करावे व पाणी बदलावे. प्राणी हे त्या कामास मदतनीस होत.
2. अमोनिया व नायट्राइट शून्य झाल्याविना प्राणी आणू नयेत.
3. शेवाळासाठी सेरिथ व ट्रोकस, उच्छिष्टासाठी नॅसेरियस. संख्या थोडी व टप्प्याटप्प्याने.
4. समुद्रकाकडी, प्रवाळ व इतर संरक्षित जीव घेऊ नयेत; जातीच्या नावासह पावती घ्यावी.
5. खाडीतून काही आणू नये, खाडीत काही सोडू नये.
6. टाकीत तांबे जाऊ देऊ नये.
7. काचेवर थोडे शेवाळ राहू द्यावे.

गोगलगायीचे मोल काही रुपयेच असते, आणि म्हणूनच तिच्या मरणाची गणती होत नाही. परंतु ज्याने तिला टाकीत आणले त्याच्यावर, दावणीला बांधलेल्या जनावराप्रमाणेच, तिच्या चाऱ्यापाण्याची जबाबदारी येते. पोसता येतील इतकेच जीव आणणारा मत्स्यपालक आपले पैसे वाचवितो, मासे वाचवितो आणि समुद्रावरचा भारही हलका करतो.